‘शनिवारी ये रे, एक गोलकीपर बघायचाय’

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ ४९ वर्षांचे, मुंबईत एका बँकेत अधिकारी. लहानपण भायखळ्याच्या चाळीत गेलं. शाळेच्या मातीच्या मैदानावर एका सरांनी त्यांच्या हातात हॉकी स्टिक दिली, त्यांना गोलकीपर केलं, आणि पुढे त्याच जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. सर स्वतः ऐंशीच्या दशकात रेल्वेकडून खेळलेले, नंतर पस्तीसेक वर्षं गरिबाघरच्या मुलांना एक पैसा न घेता शिकवत राहिलेले. पाच महिन्यांपूर्वी सर गेले. आता शिष्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या स्मृतिदिनाची चर्चा चालू आहे. कुणाला स्मृतिचषक स्पर्धा हवी, कुणाला चौकाला सरांचं नाव हवं, कुणाला स्मरणिका. स्मरणिकेतला मुख्य लेख या गृहस्थांनी लिहायचा असं ठरलंय. सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे आंटी म्हणतात, ‘तुम्ही मुलं काय ते ठरवा’ एवढंच बोलल्या. मध्येच एका जुन्या खेळाडूने ग्रुपवर लिहिलं, ‘देवमाणूस म्हणताय, पण मला स्टिकने मारलेलं कुणालाच आठवत नाही?’ आणि तो ग्रुप सोडून गेला. पत्राच्या अगदी शेवटी ते लिहितात की दोन वर्षांपूर्वी सरांचा फोन आला होता. ‘शनिवारी ये रे, एक गोलकीपर बघायचाय.’ ते गेले नाहीत. ते विचारतात, सरांना शोभेल अशी आठवण कशी ठेवायची, आणि लेखात माराबद्दल लिहायचं की नाही?

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. साडेतीन पानं स्मृतिदिनाची, आणि फोनची गोष्ट शेवटच्या तीन ओळींत उरकलेली. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तीन ओळींपाशी अडले. त्यांच्याकडे येतेच. पण तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय त्याच क्रमाने जाऊ या, कारण ग्रुपवरचे लोक तुमच्या उत्तराची वाट बघत असतील.

आधी एक माझं सांगते. माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. ते गेल्यावर शाळेने शोकसभा ठेवली. सात जण बोलले. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, निःस्पृह, हाडाचे शिक्षक. सगळं खरं होतं, सगळे मनापासून बोलत होते, आणि मी पहिल्या रांगेत बसून माझे बाबा शोधत होते. ते काही सापडेनात. शेवटी मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. म्हणाल्या, ‘सर फळ्यावर नकाशा काढताना आधी नद्या काढायचे, मग गावं. म्हणायचे, गाव नदीला धरून बसतं, नदी गावाला धरून वाहत नाही.’ आणि बाबा एकदम समोर उभे राहिले, बाहीला खडू लागलेले.

तुमच्या पत्रातही असं एक वाक्य आहे, आणि ते तुम्ही कंसात टाकलंय! तुम्ही लिहिता की सर गोलच्या दोन्ही खांबांना सुतळी बांधायचे, दोन्ही टोकं ओढून बॉलपाशी आणायचे, तुम्हाला मध्ये उभं करायचे आणि म्हणायचे, ‘आता एक पाऊल पुढे टाक. अजून एक. बघ, जागा कमी झाली का?’ गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. दहा-अकरा वर्षांच्या पोराने त्यात उभं राहायचं म्हणजे दरवाजा नसलेल्या घराची राखण. सरांनी ते घर सुतळीने लहान करून दाखवलं. कोन कसा कापायचा हे जे पुस्तकात आकृती काढून समजावतात, ते तुम्हाला पायाने कळलं. माझ्या मते तुमचा लेख इथे सुरू होतो. ‘आदरणीय सरांचा जन्म अमुक गावी’ इथे नाही.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतेय त्याला कारण आहे. खेळाडूचं काम कुठेतरी नोंदलं जातं. गोल कुणी केला, सामना कुणी जिंकला, पेपरात चार ओळी येतात. शिकवणाऱ्याचं काम मात्र दुसऱ्याच्या अंगात जाऊन बसतं, आणि ती माणसं म्हातारी झाली की संपतं. ध्यानचंदांचंच बघा. २९ ऑगस्ट, त्यांचा जन्मदिवस, आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळतो. १९२८, १९३२ आणि १९३६ ही हॉकीतली तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. व्हिएन्नात त्यांचा चार हातांचा पुतळा आहे, ही गोष्टही सगळ्यांनी ऐकलेली असते, आणि तो पुतळा आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. पण निवृत्तीनंतर ते पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक होते. ते शिकवायचे कसे, हे सांगणारी किती माणसं आज भेटतील? नसलेला पुतळा टिकला आणि असलेली शिकवणी विरत गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या ग्रुपवरही पुतळ्याचं काम सुरू झालंय. कुणीतरी लिहिलं की सर १९८२च्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळले, आणि त्याखाली हात जोडलेल्या चाळीस खुणा आल्या. तुम्हाला माहीत आहे की सर त्या वर्ल्डकपला प्रेक्षकांत होते. चर्चगेटच्या स्टेडियमवर, गवतावर झालेला तो वर्ल्डकप. भारत पाचवा आला, अंतिम सामन्यात पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ असं हरवलं, आणि सर प्रत्येक नव्या बॅचला तो अंतिम सामना मैदानावर खडे मांडून दाखवायचे. मग ही चूक ग्रुपवर कुणी सुधारली का नाही? तुम्ही लिहिता, ‘वाईट दिसलं असतं.’ मला विचाराल तर उलट आहे. जो माणूस देशाकडून खेळला नाही, तिकीट काढून बसला, आणि जे पाहिलं ते पस्तीस वर्षं पोरांना खड्यांनी समजावत राहिला, त्याला खोटी निळी जर्सी घालून आपण त्याचं मोठेपण कमी करतो. ही दुरुस्ती लेखात करा. कुणाचं नाव न घेता, सरळ खरं ते लिहून.

म्हणून स्पर्धेच्या आधी, चौकाच्या आधी, हे गोळा करण्याचं काम हातात घ्या. प्रत्येकाला ‘सरांबद्दल दोन शब्द’ मागाल तर तीच सात विशेषणं परत येतील. त्याऐवजी विचारा, पहिल्या दिवशी सरांनी काय करायला लावलं? कोणत्या चुकीला ओरडायचे? पावसाळ्यात मैदानात पाणी भरलं की काय शिकवायचे? तुटलेली स्टिक कशी बांधायचे? एकेकाला फोन लावा आणि परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा. लिहायला सांगितलं तर लोक आवाज बदलतात, बोलताना तसं होत नाही. वयाने सगळ्यात मोठ्या खेळाडूंपासून सुरुवात करा, त्यांच्याकडे थांबायला वेळ नाही. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं आणि साल लिहून घ्या. फोटो मोबाइलमध्ये टिपून ठेवला की काम झालं असं वाटतं, पण दहा वर्षांनी ‘हा डावीकडून तिसरा कोण’ हे सांगायला कुणी उरत नाही. सरांच्या खेळण्याच्या दिवसांतल्या बातम्या हव्या असतील तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, आणि रेल्वेतल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना गाठा, कात्रणं जपणारा एक तरी माणूस प्रत्येक संघात असतो.

(इतर वाचकांनो, तुम्ही हॉकी खेळला नसाल तरी हे लागू आहे. तालमीतले वस्ताद, तबल्याचे गुरुजी, गल्लीत कबड्डी शिकवणारे दादा, कुणीही. त्यांची विशेषणं राहू द्या, त्यांची सुतळी शोधा.)

आता आंटी. ‘तुम्ही मुलं काय ते ठरवा’ हे तुम्ही होकार म्हणून धरून चाललाय. मला ते तसं ऐकू येत नाही. जरा त्यांच्या घरातून बघा. लग्नानंतरच्या प्रत्येक रविवारी सकाळी नवरा मैदानावर. पगारातून बॉल, पोरांच्या वडापावचे पैसे, कुणाच्या बुटांचे पैसे. तुम्ही लिहिता की सामन्यानंतर आठ-दहा मुलं घरी यायची आणि आंटी सगळ्यांना जेवायला वाढायच्या. म्हणजे तो फुकट वर्ग दोघांनी चालवला होता आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर फोटो एकाचाच येणार आहे. आता तीच मुलं, चाळिशी-पन्नाशीची, पुन्हा घरी येऊन म्हणताहेत, फोटो द्या, पदकं द्या, स्टिक द्या, मंचावर बसा. दमलेलं माणूस म्हणतं, ठरवा बाबांनो तुम्हीच.

शिवाय त्यांचं घर ख्रिस्ती, तिथली रीत तुमच्यापेक्षा वेगळी आहे. महिन्याच्या मासला, म्हणजे सर गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, तुम्ही किती जण गेला होता? पत्रात दिसत नाही. वर्षाची मास त्या त्यांच्या चर्चमध्ये ठेवतील, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतील, फुलं वाहतील. ‘प्रथम पुण्यस्मरण’ असं लिहिलेला फ्लेक्स, हार घातलेला मोठा फोटो आणि समई, हे तुमच्या प्रेमाचं रूप आहे. ते चुकीचं नाही, पण त्यांच्या दिवसावर ते लादू नका. तुमचा कार्यक्रम त्याच तारखेला कशाला हवा? सरांचा वाढदिवस धरा, नाहीतर दरवर्षी मैदान ज्या दिवशी सुरू व्हायचं तो दिवस धरा, आणि वर्षदिनी सकाळी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसा.

आंटींना भेटायला एकटे जा, फार तर पत्नीला सोबत न्या. दहा जणांचं शिष्टमंडळ नको, हातात कार्यक्रमपत्रिकेचा नमुना नको. बँकेत आहात तर कुटुंब निवृत्तिवेतन, ठेवींवरचं नामनिर्देशन, हे कागद मार्गी लागलेत का, ते विचारा. रेल्वेच्या कार्यालयातल्या फेऱ्या त्यांना एकटीला झेपताहेत का? माळ्यावरच्या स्टिकांचा विषय तुम्ही काढूच नका. त्यांनी काढला तर विचारा की त्यांच्या मनात कुणाला द्यायच्या आहेत.

मग तो ग्रुप सोडून गेलेला मित्र. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही विचारलंय, ‘लेखात मार लिहायचा की नाही?’ तुमच्या लेखाच्या आधी त्याचा प्रश्न आहे, आणि तो त्याने अगदी सरळ शब्दांत विचारला होता, कुणालाच आठवत नाही का? ग्रुपवर उत्तरं आली ती अशी, ‘तेव्हा सगळेच मारायचे’, ‘म्हणून तर घडलो’, ‘मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये’. आठवतं की नाही, हे एकानेही सांगितलं नाही. आणि तुम्ही मला लिहिता की तुम्ही तिथेच होता, गोलमागे पॅड बांधत होता, स्टिक मांडीच्या मागच्या बाजूला बसल्याचा आवाजही तुम्हाला आठवतो. तो पुन्हा मैदानावर आला नाही हेही आठवतं.

मग हे त्याला सांगा. फोन करा आणि एवढंच म्हणा, ‘मी पाहिलं होतं. मला आठवतं. मी तेव्हा काही बोललो नाही.’ पुढे ‘पण सरांचं मन...’ असं काही जोडू नका. त्याला परत ग्रुपमध्ये यायला सांगू नका, माफ कर म्हणून गळ घालू नका. तो कदाचित फोन ठेवेल, कदाचित तासभर बोलेल. दोन्ही त्याचा हक्क आहे.

शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मनाई आहे. तुमच्या वेळी तो कायदा नव्हता हे खरं, पण दुखायचं तेव्हाही तेवढंच. ज्या माणसाने तुम्हाला सुतळीने कोन समजावला, त्यानेच त्या मुलाला अशी इजा केली की त्याचा खेळ सुटला. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकाने दुसरं पुसत नाही. तुमच्या मनातलं प्रेम एवढं कच्चं नाही की दुसऱ्या वाक्याने ते मोडेल. मोडेल अशी भीती ग्रुपला वाटते, म्हणून ‘देवमाणूस’ हा शब्द इतक्या वेळा येतोय.

लेखात काय करायचं? त्याची गोष्ट त्याची आहे. त्याने हो म्हटल्याशिवाय तिचा एक शब्दही छापू नका, नाव गाळूनही नाही, कारण तुमच्या बॅचला कोण ते लगेच कळेल. पण तुमची स्वतःची गोष्ट तुम्ही लिहू शकता. सरांच्या हातातल्या स्टिकची तुम्हाला भीती वाटायची, असं पत्रात तुम्हीच म्हटलंय. ते एक वाक्य लेखात ठेवा. आज कुठल्याशा मैदानावर शिट्टी गळ्यात अडकवून उभा असलेला तुमचाच एखादा मित्र ते वाचेल, आणि ते त्याने वाचायला हवं. आंटींना मात्र लेख छापण्याआधी दाखवा. त्यांना हे नवीन नसेल, असं मला वाटतं.

स्पर्धेबद्दल माझं मत थोडक्यात सांगते. मी पाहिलेल्या बऱ्याच स्मृतिचषकांचं पहिलं वर्ष दणक्यात होतं, दुसऱ्या वर्षी तेच चार जण धावतात आणि तिसऱ्या वर्षी चषक कुणाच्या तरी कपाटावर असतो. करायचीच असेल तर लहान करा, चौदा वर्षांखालच्या मुलांची, एका दिवसाची. आणि उपनगरातली एखादी फुटबॉल टर्फ तासावर घ्यायचा जो विचार चाललाय, तो आधी तपासा. त्या टर्फचं गवत लांब असतं, खाली रबराचे दाणे असतात, त्यावर हॉकीचा बॉल धावत नाही, अडखळतो. हॉकीची टर्फ आखूड आणि पाणी मारलेली असते. १९७६ला मॉन्ट्रिअलच्या ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली, भारत सातवा आला, आणि तेव्हापासून मातीवर शिकणाऱ्या पोरांची ही अडचण सुटलेलीच नाही. सर मुलांना लोकलने चर्चगेटला टर्फवर घेऊन जायचे ते याचसाठी. सरांच्या नावाने मुलांना चुकीच्या टर्फवर खेळवू नका. त्यापेक्षा शाळेचं मैदान बरं, मातीचं असलं तरी.

पैशांचं लवकर निस्तरा. एका मित्राच्या गूगल पेवर चाळीस हजार जमलेत म्हणता, त्या मित्राच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणालाच शंका नाही, आणि म्हणूनच आत्ता थांबवणं सोपं आहे. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी काढायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे आधी विचारून घ्या, मगच पुढचं आवाहन करा. स्वतःचा ट्रस्ट काढण्याची घाई नको. दरवर्षी हिशेब तपासून घेणं, कागद भरणं, हे करायला दोन चिकाटीची माणसं लागतात. जमलेल्या पैशांतून थेट वस्तू घेऊन शाळेला दिल्या आणि पावती ग्रुपवर टाकली तर पुष्कळ झालं.

वस्तू कोणती, तेही सांगते. गोलकीपरचा संच. हेल्मेट, गळ्याचं आणि छातीचं संरक्षण, लेग गार्ड, बुटांवर चढवायचे किकर, हातमोजे. मुलाला स्टिक कुणीतरी जुनी देतं, पण हा संच महाग पडतो आणि म्हणून गरीब घरातलं पोर गोलमध्ये उभं राहायला कचरतं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही स्वतः दुसऱ्याचे पॅड, दोन नंबर मोठे, सुतळीने आवळून बांधलेले आहेत. संच शाळेच्या कपाटात राहू द्या, म्हणजे तो एका मुलाचा न होता पुढच्या प्रत्येक गोलकीपरचा होईल. सरांचं नाव लिहायचंच तर लेग गार्डच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. जो बांधेल तो वाचेल.

आता त्या तीन ओळी. दोन वर्षांपूर्वी सरांनी फोन केला, तुमचं मार्चअखेरचं काम होतं, तुम्ही ‘पुढच्या शनिवारी नक्की’ म्हणालात, आणि तो शनिवार आला नाही. तुम्हाला वाटतंय की सर तुम्हाला भेटायला बोलावत होते आणि तुम्ही ती भेट चुकवली. त्यातूनच स्मरणिका, मुख्य लेख, पळापळ हे सगळं तुम्ही अंगावर घेतलंय. मी तुम्हाला दोष देणार नाही. मार्चमध्ये बँकेतल्या माणसाला शनिवार नसतो हे मला माहीत आहे, आणि सरांनाही ते माहीत असणार, नोकरी लावून देणारे तेच.

पण फोनमधलं वाक्य पुन्हा वाचा. ‘एक गोलकीपर बघायचाय.’ सरांना त्या दिवशी तुम्ही हवे होतात ते त्या मुलासाठी. स्वतः फॉरवर्ड खेळलेल्या माणसाने सुतळीने जेवढं शिकवता येतं तेवढं शिकवलं असेल, आणि पुढचं तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हाला हाक मारली. चार पानांच्या पत्रात तो मुलगा पुन्हा कुठेच येत नाही. त्याचं नाव काय? आता तो चौदा-पंधराचा असेल. अजून गोलमध्ये उभा राहतो का? पाच महिने त्या मैदानावर पोरांना कोण बघतंय?

हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर सगळ्यात आधी तेवढं शोधून काढा, लेख त्यानंतर लिहा. ग्रुपवर विचारू नका, तिथे याचीही समिती होईल. शाळेच्या गेटवर जा आणि शिपायाला विचारा, शनिवारी पोरं किती वाजता येतात. जाताना सुतळीचं एक बंडल घेऊन जा.